मार लागलेल्या मेंदूत औषध पोचवणारे नॅनोकण: काय जमतं, कुठे अडतं

दुचाकीवरून पडून डोक्याला जबर मार लागलेला माणूस आयसीयूत येतो तेव्हा डॉक्टर बरंच काही करतात. श्वासासाठी व्हेंटिलेटर, रक्तदाब आणि ऑक्सिजन खाली जाऊ नये म्हणून अखंड लक्ष, कवटीतला दाब पाऱ्याच्या २२ मिलिमीटरच्या वर गेला तर मॅनिटॉल किंवा जास्त मिठाचं सलाईन, रक्ताची गाठ मोठी असेल तर शस्त्रक्रिया. यानं जीव वाचतात. पण हे सगळे उपाय मेंदूच्या भोवतालची परिस्थिती सांभाळतात. मरू घातलेल्या चेतापेशीला थेट वाचवणारं, परिणाम सिद्ध झालेलं औषध आज एकही नाही.

प्रयत्न मोठे झाले. २००४ साली ‘क्रॅश’ या चाचणीचे निकाल आले. डोक्याला मार लागलेल्या १०,००८ रुग्णांपैकी निम्म्यांना मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड शिरेतून दिलं होतं. दोन आठवड्यांत त्या गटातले २१.१ टक्के रुग्ण दगावले, औषध न मिळालेल्या गटातले १७.९ टक्के. म्हणजे वर्षानुवर्षं सर्रास दिलं जाणारं औषध उलट नुकसान करत होतं. पुढे प्रोजेस्टेरॉनच्या दोन मोठ्या चाचण्या २०१४ मध्ये निष्फळ ठरल्या. २०१९ च्या ‘क्रॅश-३’ चाचणीत ट्रानेक्सॅमिक अ‍ॅसिडचा थोडा उपयोग दिसला, तोही मार सौम्य ते मध्यम असेल आणि पहिल्या ३ तासांत औषध दिलं असेल तर. डोस होता १ ग्रॅम १० मिनिटांत आणि पुढचा १ ग्रॅम ८ तासांत. यातला एक मुद्दा नीट पाहण्यासारखा आहे: हे औषध रक्तस्राव थांबवतं, त्याचं काम रक्तातच होतं, त्याला चेतापेशींपर्यंत जावं लागत नाही.

पेशी वाचवणाऱ्या औषधांना मात्र आत जावं लागतं. नॅनोकणांचा, म्हणजे औषध पोटात घेऊन रक्तातून जाणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा, विचार सुरू होतो तो इथून.

दोन इजा आणि एक भिंत

आपटताना जी इजा होते ती काही मिलिसेकंदांची. पेशी फाटतात, तंतू ताणले जातात, वाहिन्या फुटतात. ते परत आणता येत नाही. खरी संधी असते ती त्यानंतरच्या तासांत आणि दिवसांत. फुटलेल्या पेशींतून ग्लुटामेट सांडतं, त्यानं शेजारच्या धडधाकट पेशी अतिउत्तेजित होतात, त्यांच्यात कॅल्शियम भसाभस शिरतं, पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया बंद पडायला लागतात, ऑक्सिजनचे हानिकारक रेणू वाढतात. मग मेंदूतल्या रक्षक पेशी, म्हणजे मायक्रोग्लिया, खवळतात आणि सूज चढते. कवटी हाडाची, ती फुगत नाही, त्यामुळे सुजेचा दाब पुन्हा मेंदूवरच येतो. ही दुसरी इजा पहिलीपेक्षा पुष्कळ अधिक भाग खाऊ शकते. तिच्या प्रत्येक पायरीवर अडवणारी औषधं प्रयोगशाळेत सापडलेली आहेत. ती वेळेत, पुरेशी आणि योग्य पेशीत पोचवणं जमलेलं नाही.

अडथळा आहे रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या भिंतीचा. माणसाच्या मेंदूतल्या केशवाहिन्या एकापुढे एक ठेवल्या तर सुमारे ६०० किलोमीटर भरतील. म्हणजे रक्त प्रत्येक चेतापेशीच्या अगदी जवळून वाहतं, पण औषध आत जात नाही. इतर अवयवांत या वाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशींमध्ये फटी असतात. मेंदूत त्याच पेशींचे सांधे प्रथिनांनी घट्ट बुजवलेले असतात, बाहेरून वाहिनीला बिलगलेल्या पेरिसाइट पेशींची आणि अ‍ॅस्ट्रोसाइट या मेंदूतल्या आधारपेशींच्या पावलांची वीण असते, आणि चुकून आत शिरलेला रेणू परत रक्तात फेकणारे पंपही असतात. छोट्या रेणूंच्या औषधांपैकी सुमारे ९८ टक्के औषधं ही भिंत ओलांडत नाहीत. प्रथिनं, प्रतिपिंडं, आरएनए यांच्यासारखी मोठी औषधं तर जवळजवळ नाहीतच.

ही भिंत लक्षात आली तीही रंगामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पॉल एर्लिश यांनी जनावरांच्या रक्तात रंग सोडले, तेव्हा सगळे अवयव रंगले, मेंदू तेवढा कोरा राहिला. मेंदू रंग धरतच नाही असं त्यांना वाटलं. १९१३ मध्ये त्यांचे शिष्य एडविन गोल्डमान यांनी रंग मेंदूभोवतालच्या पाण्यात सोडला, तर मेंदू रंगला आणि बाकीचं शरीर कोरं राहिलं. मेंदू रंग धरत होता, मधे काहीतरी आडवं येत होतं.

मार लागला की ही भिंत काही काळ फुटते. इजेच्या कडेला सांधे सैल होतात आणि एरवी आत जाऊ न शकणारे मोठे कणही पाझरतात. या फुटीचा उपयोग करून घ्यायचा, हा नॅनोकणांमागचा पहिला विचार. फूट तात्पुरती असते. २०१६ साली अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठातल्या गटानं मेंदूला ठरावीक जोराचा मार दिलेल्या उंदरांच्या शिरेत २०, ४०, १०० आणि ५०० नॅनोमीटरचे (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) कण एकत्र सोडले: लगेच, २ तासांनी, ५, १२ आणि २३ तासांनी. पहिल्या तासात ५०० नॅनोमीटरचे कणही इजेच्या कडेत साचले. वेळ जाईल तसं मोठ्या कणांना दार बंद होत गेलं, लहान कण जास्त काळ शिरत राहिले. म्हणून कणाचा आकार ठरवताना पहिला प्रश्न हाच येतो की रुग्णाला औषध किती तासांनी मिळणार आहे.

कण साचतात ते इजेच्या कडेत. अगदी मधल्या चिरडलेल्या भागात वाहिन्याच गुठळ्यांनी बंद झालेल्या असतात. रक्त जात नाही तिथे रक्तातून जाणारं काहीच जात नाही. सुदैवानं वाचवण्याजोग्या पेशीही कडेतच असतात.

कण बनतो कसा

१०० नॅनोमीटर म्हणजे तांबड्या पेशीच्या रुंदीचा साधारण सत्तरावा भाग. या क्षेत्रात सर्वाधिक वापरला जाणारा कण पीएलजीए नावाच्या पॉलिमरचा असतो. शस्त्रक्रियेतले विरघळणारे टाके याच कुळातले. शरीरात तो हळूहळू तुटून लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्ल बनतं आणि ते नेहमीच्या चयापचयात मुरून जातं. त्याच्या एका टोकाला पीईजी ही पाणी धरणारी साखळी जोडलेली असते.

सगळ्यात सोपी पद्धत अशी. १० मिलिग्रॅम पॉलिमर आणि १ मिलिग्रॅम औषध, पाण्यात न विरघळणारं, १ मिलिलिटर अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये विरघळवायचं. चुंबकाच्या कांडीनं ढवळत असलेल्या १० मिलिलिटर शुद्ध पाण्यात हे द्रावण सुईतून थेंब थेंब सोडायचं. बादलीत पांढरं फिनाइल ओतलं की पाणी एका क्षणात दुधाळ होतं, तसंच काहीसं इथे होतं. फक्त कण फार बारीक असल्यामुळे रंग दुधाऐवजी निळसर झाक असलेला धूसर दिसतो. तो निळसरपणा चांगलं लक्षण. अ‍ॅसिटोनायट्राइल पाण्यात पळून जातं आणि एकाकी पडलेला पॉलिमर औषधाला पोटात घेऊन गोळा होतो. मग तीन-चार तास उघड्यावर ढवळत, धूर खेचणाऱ्या कपाटात, द्रावक उडू द्यायचं. त्यानंतर १०० किलोडाल्टनच्या (हे रेणूच्या वजनाचं माप) गाळणीनळीत सेंट्रिफ्यूज करून तीन वेळा धुवायचं, म्हणजे कणात न शिरलेलं औषध निघून जातं.

१०० नॅनोमीटरच्या अशा कणांच्या एका मिलिग्रॅममध्ये साधारण दीड लाख कोटी कण भरतात.

चुका कुठे होतात ते सांगितल्याशिवाय ही कृती अर्धवट आहे. द्रावण एकदम ओतलं तर काही भागात पॉलिमर दाट, काही भागात पातळ, आणि कण लहानमोठे होतात. आकार लेसरच्या विखुरण्यावरून मोजतात. त्यात आकारांच्या फैलावाचा आकडा ०.२ च्या खाली हवा. वर गेला तर सरासरी १०० दिसली तरी आत ४०० चे गोळेही असू शकतात. औषध पाण्यात विरघळणारं असेल तर ते पॉलिमरच्या पोटात बसण्याऐवजी बाहेरच्या पाण्यात निसटतं. तेव्हा पाण्याचे थेंब तेलकट द्रावकात आणि ते मिश्रण पुन्हा पाण्यात, अशी दुहेरी घुसळण करावी लागते. ती ध्वनिलहरींच्या कांडीनं करतात. भांडं बर्फात ठेवलं नाही तर उष्णतेनं प्रथिन उकडून निकामी होतं. सेंट्रिफ्यूज फार जोरात फिरवलं तर तळाशी जो थर बसतो तो पुन्हा सुटा होत नाही. शीतशुष्क भुकटी करायची असेल तर ५ ते १० टक्के सुक्रोज किंवा ट्रेहॅलोज घालायलाच लागतं, कारण गोठताना बर्फाचे स्फटिक कणांना एकमेकांवर दाबतात आणि साखर नसेल तर ते चिकटून बसतात.

आणखी एक गोष्ट नवख्यांना चकवते. बरंचसं औषध कणाच्या पोटात न बसता पृष्ठभागाला चिकटलेलं असतं. ते रक्तात गेल्यावर पहिल्या काही तासांतच सुटतं, मेंदू येण्याआधीच. म्हणून औषध किती वेगानं सुटतं ही चाचणी साध्या क्षारद्रावात करून भागत नाही, ती रक्तद्रवात ३७ अंशाला करावी लागते. क्षारद्रावात आठवडाभर शांत राहिलेले कण रक्तद्रवात तासाभरात गोळा झालेले दिसतात.

बाहेरचं कातडं

रक्तात शिरताच कणावर प्रथिनांचा थर चढतो. यकृतातल्या आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी तो थर ओळखून कणांना गिळतात. पीईजीची साखळी पाण्याचा थर धरून ठेवते आणि हे गिळणं लांबवते, थांबवत नाही. शिरेतून दिलेल्या कणांपैकी मेंदूत पोचणारा हिस्सा बहुतेक प्रयोगांत १ टक्क्यापेक्षा कमी असतो, सगळ्यात मोठा वाटा यकृताचा. त्यामुळे मेंदूसाठी बनवलेल्या प्रत्येक कणाची पहिली सुरक्षा-तपासणी यकृताची करावी लागते. ज्या लेखात यकृताचे आकडे दिलेले नाहीत त्यातल्या मेंदूच्या आकड्यांवर विश्वास ठेवायला माझं मन धजत नाही.

भिंत फुटलेली असतानाच नव्हे, ती सांधली गेल्यावरही आत जायचं असेल तर कातड्याला वेगळी युक्ती लागते. १९९५ च्या सुमारास जर्मनीत फ्रँकफर्टमध्ये यॉर्ग क्रॉइटर यांच्या गटानं डालार्जिन हे वेदनाशामक पेप्टाइड कणांत भरलं आणि कणांवर पॉलिसॉर्बेट ८० चा लेप दिला. आइसक्रीमसारख्या खाद्यपदार्थांत वापरला जाणारा हा एक साधा साबणासारखा पदार्थ. एरवी मेंदूत न जाणाऱ्या त्या पेप्टाइडचा परिणाम उंदरांत दिसला, लेप नसलेल्या कणांनी नाही. कारण नंतर उलगडलं: या लेपावर रक्तातलं एपोलिपोप्रोटीन ई हे मेद वाहून नेणारं प्रथिन चिकटतं, आणि वाहिनीच्या पेशी कणाला कोलेस्टेरॉलचा कण समजून आत ओढतात.

हीच युक्ती २०२१ साली बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स आणि बोस्टन चिल्ड्रन्स या रुग्णालयांतल्या संशोधकांनी मार लागलेल्या मेंदूसाठी वापरली. पीएलजीएच्या कणांत टाऊ या प्रथिनाची निर्मिती बंद पाडणारं आरएनए भरलं आणि वर पॉलिसॉर्बेट ८० चा दाट लेप दिला. मेंदूच्या इजेनंतर टाऊ बिघडतं आणि पेशींना मारक ठरतं. उंदरांत टाऊ सुमारे ५० टक्क्यांनी घटलं. भिंत फुटलेली असताना दिलं तेव्हाही आणि ती भरून आल्यावर दिलं तेव्हाही. लेप आधीही होताच, नवी गोष्ट होती ती त्याची घनता.

वाहिनीच्या पेशींवरच्या एखाद्या दाराला, उदाहरणार्थ लोह आत नेणाऱ्या ट्रान्सफेरिन या प्रथिनाच्या ग्राहकाला (रिसेप्टरला), घट्ट चिकटणारा कण बनवला तर तो जास्त आत जाईल असं वाटतं. होतं उलट. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या गटानं २०१३ मध्ये सोन्याच्या कणांवर ट्रान्सफेरिनचं प्रमाण कमीजास्त करून दाखवलं की फार घट्ट धरणारे कण भिंतीतच अडकून बसतात. पलीकडे सुटण्यासाठी पकड मध्यम हवी.

आत गेल्यावरही प्रवास बाकी असतो

भिंत ओलांडली म्हणजे पोचलो, असा समज बातम्यांमधून फार पसरतो. मेंदूच्या पेशींमधली मोकळी जागा मेंदूच्या आकारमानाच्या सुमारे २० टक्के, तीही अरुंद वाटांची. पेशी सुजल्या की ती आणखी आवळते. पूर्वी मानत की ६४ नॅनोमीटरपेक्षा मोठं काही या वाटांनी सरकत नाही. २०१२ साली जॉन्स हॉपकिन्सच्या गटानं दाखवलं की पीईजीचं आवरण दाट असेल तर ११४ नॅनोमीटरचे कणही माणसाच्या आणि उंदराच्या मेंदूच्या ऊतीत पसरतात. आवरण विरळ असेल तर तेवढेच कण जागच्या जागी चिकटतात. अडचण फक्त रुंदीची नव्हती, चिकटण्याचीही होती.

मग पेशीच्या आत. पेशी कणाला एका पिशवीत घेऊन गिळते आणि ती पिशवी आम्लात विरघळवायला नेते. आरएनएला त्यातून निसटून पेशीद्रवात यावं लागतं. मेदकणांतल्या, म्हणजे मेदाच्या नॅनोकणांत भरलेल्या, आरएनएवर झालेल्या मोजणीत असं निसटणारं आरएनए १ ते २ टक्केच निघालं. शिरेतून दिलेल्याचा एक टक्का मेंदूत आणि त्यातले एक-दोन टक्के कामाच्या जागी, असा हिशेब मांडला की डोस एवढे मोठे का लागतात ते समजतं.

याला दुसऱ्या टोकानं भिडणारी एक वाट आहे, आणि माझ्या मते ती सगळ्यात आशादायक आहे. डेंड्रिमर हा झाडासारख्या फांद्या फुटलेला एकच मोठा रेणू, फक्त ४ नॅनोमीटरच्या आसपास. जॉन्स हॉपकिन्सच्या रंगरामानुजम कन्नन आणि सुजाता कन्नन यांच्या गटानं २०१२ मध्ये त्याला एन-असिटाइलसिस्टीन हे दाह कमी करणारं औषध रासायनिक बंधानं जोडलं आणि मेंदूला जन्माआधीच दाहाची इजा झालेल्या सशाच्या पिल्लांना दिलं. हे डेंड्रिमर सुदृढ मेंदूत जवळजवळ थांबत नाहीत, खवळलेल्या मायक्रोग्लियात मात्र आपोआप साचतात, कारण त्या पेशी भसाभस गिळत असतात. औषधाचा बंध पेशीच्या आतल्या ग्लुटाथायोन या रेणूनंच तुटतो, रक्तात नाही, त्यामुळे वाटेत गळती कमी. किलोमागे १० मिलिग्रॅम औषध या वाहकावरून देऊन जो परिणाम मिळाला तो किलोमागे १०० मिलिग्रॅम नुसतं औषध देऊनही मिळाला नाही. पुढे हाच वाहक माणसांत गंभीर कोविडच्या रुग्णांवर दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत वापरला गेला. डोक्याला मार लागलेल्या रुग्णांसाठी मंजूर झालेलं नॅनोकणांचं औषध आजवर एकही नाही.

फसवे निकाल

उंदराच्या मेंदूत कण चमकताना दिसले, अशी चित्रं तुम्ही पाहिली असतील. दोन गोष्टी तपासाव्यात. चमक कणाची नसते, कणात भरलेल्या रंगाची असते. रंग कणातून गळला तर तो एकटाच फुटलेल्या भिंतीतून आत जातो आणि चित्र मात्र कण पोचल्याचं सांगतं. म्हणून रंग पॉलिमरला रासायनिक बंधानं जोडलेला हवा, आणि नुसता रंग दिलेल्या जनावरांचा गट तुलनेला हवा. दुसरं म्हणजे मेंदू काढण्याआधी त्यातलं रक्त हृदयावाटे सलाईन सोडून धुतलं होतं का. मेंदूच्या आकारमानात दोन-तीन टक्के रक्तच असतं. एक टक्क्याच्या मोजणीत वाहिन्यांत उरलेलं रक्त पूर्ण निकाल फिरवू शकतं.

आपल्याकडे आणखी एका गोंधळाबद्दल सांगायला हवं. ‘नॅनो कर्क्युमिन’ म्हणून हळदीच्या अर्काच्या गोळ्या ऑनलाइन मिळतात आणि मेंदूसाठी गुणकारी म्हणून खपवल्या जातात. तोंडावाटे घेतलेली गोळी पोटातून आणि यकृतातून जाते. शिरेतून देण्यासाठी आकार, आवरण आणि निर्जंतुकता काटेकोर जपून बनवलेल्या कणाशी तिचा संबंध नाही. डोक्यात रक्तस्राव झालेल्या माणसाला असं काहीही न्यूरोसर्जनना विचारल्याशिवाय देऊ नका.

उंदरापासून माणसापर्यंत

उंदराचा डोस किलोच्या हिशेबानं सरळ माणसाला लावत नाहीत, त्याला १२.३ नं भागतात. उंदराला किलोमागे ५० मिलिग्रॅम कण दिले असतील तर माणसाला सुमारे ४, म्हणजे ७० किलोच्या माणसाला २८५ मिलिग्रॅमच्या आसपास. वर सांगितलेल्या कृतीत एका वेळी १० मिलिग्रॅम पॉलिमर वापरला होता. तेव्हा एका माणसाच्या एका डोससाठी ती जवळजवळ तीस वेळा करावी लागेल, आणि दर वेळी आकार तोच यायला हवा. मोठ्या भांड्यात ढवळून ते होत नाही, कारण मिसळण्याचा वेग बदलला की कणाचा आकार बदलतो. म्हणून कारखान्यात दोन द्रव केसाइतक्या बारीक नळ्यांत एकमेकांना भिडवतात आणि नळ्यांची संख्या वाढवतात. तयार मालात अ‍ॅसिटोनायट्राइल दहा लाख भागांत ४१० भागांच्या आत असावं लागतं. जंतू ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीत अडकतात, पण मेलेल्या जंतूंचं विष, म्हणजे एन्डोटॉक्सिन, अडकत नाही. ते कणात राहिलं तर दाह कमी करायला दिलेलं औषधच दाह पेटवतं. काही रुग्णांत कण रक्तात शिरताच जंतूंशी लढणाऱ्या ‘पूरक’ (कॉम्प्लिमेंट) प्रथिनांची साखळी जागी होते, चेहरा लाल होतो, दम लागतो, रक्तदाब घसरतो. कॅन्सरच्या मेदकणांच्या औषधांत हे वर्षानुवर्षं पाहिलं गेलं आहे, आणि तिथे सलाईनचा वेग कमी करून सांभाळता येतं. मेंदूला मार लागलेल्या माणसात रक्तदाब थोडा वेळ जरी घसरला तरी नवी इजा होते, त्यामुळे इथे ती सवलत फार थोडी आहे.

आणि प्रयोगशाळेतल्या उंदरांना एकाच जागी, एकाच जोरात, एकाच खोलीपर्यंत मार दिलेला असतो. माणसांत एकाला बाहेरून गाठ, दुसऱ्याला आतला रक्तस्राव, तिसऱ्याच्या तंतूंना ताण, ज्यात भिंत फारशी पाझरतही नाही. तिघांना एकच कण दिला तर चाचणी प्रोजेस्टेरॉनसारखीच संपण्याची भीती आहे. त्यामुळे आधी कोणाची भिंत किती फुटली आहे ते पाहायला हवं. एमआरआयमध्ये गॅडोलिनियमचं कॉन्ट्रास्ट देऊन पाझर दिसतो, पण तो रेणू एका नॅनोमीटरच्या आसपासचा. तो झिरपला म्हणून १०० नॅनोमीटरचा कण झिरपेलच असं नाही. औषध नसलेला, त्याच आकाराचा आणि त्याच आवरणाचा, स्कॅनवर दिसणारा जोडीदार कण आधी देऊन पाहायचा, तो इजेच्या कडेत साचला तरच औषधाचा कण द्यायचा, हा मार्ग जास्त सरळ आहे. त्यात वेळ जातो, आणि मोठ्या कणांसाठीचं दार तोवर बंद होत असतं.